त्या बाईनं परत मारली का?

पत्र सांगलीवाडीहून आलंय. मूळ चार पानी आहे, थोडं कापून देते.

“ताई, नमस्कार. मी ६२ वर्षांचा, साखर कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मुलानं टीव्हीला ॲमेझॉन प्राइम जोडून दिलंय. गेल्या महिन्यात त्यावर ‘पाताल लोक’चा पहिला सीझन बघितला, नऊ भाग, पाच रात्रींत. इतकं चांगलं लिहिलेलं मी टीव्हीवर बघितलं नव्हतं. अडचण वेगळीच आहे. माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते. आम्ही तालुक्याच्या पोलीस लाइनीत वाढलो. वडिलांना दारूचं व्यसन नव्हतं, नुसता राग होता, आणि तो आईवर, आमच्यावर निघायचा. रविवारी त्यांचं पितळी बक्कल ब्रासोनं घासायचं काम माझ्याकडे होतं. त्यात तोंड दिसेपर्यंत घासायचं, नाही दिसलं तर त्याच पट्ट्यानं मार. ते १९९८ साली गेले. शेवटची कित्येक वर्षं मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. आणि आता त्यातला हा इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी बघताना माझा घसा दाटून येतो. परवा बायको म्हणाली, ‘बापाच्या दहाव्याला टिपूस काढलं न्हाई तुम्ही, आणि ह्या हाथीरामासाठी रडताय व्हय?’ तिचं काय चुकलं? पण मग मी नक्की करतोय काय? मालिकेचं कौतुक करतोय, की आडून वडिलांना माफ करतोय?

दुसरं, सकाळी आमराईत आम्ही सहा जण फिरायला असतो. त्यांना कितीदा सांगितलं, कुणी बघत नाही. म्हणतात, शिव्या फार आहेत, त्यापेक्षा आपली सीआयडी बरी. तिसरं, मुलगा म्हणतो दुसरा सीझन आणखी चांगला आहे. तो आधी बघितला तर चालेल का? आई ८४ वर्षांची, आतल्या खोलीत असते. मी समजत होतो ती झोपलेली असते, पण परवा सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, ‘त्या बाईनं परत मारली व्हय रं त्याला?’ असो. उत्तराची वाट बघतो.”

दादा, नमस्कार.

चार पानं लिहिलीत आणि सगळ्यात मोठी गोष्ट ‘असो’च्या अलीकडे एका ओळीत उरकलीत. कारकुनी सवय म्हणायची, जिथं सही हवी तिथंच कागद दुमडलेला. त्या ओळीकडे येणार आहे. पण तुम्ही मालिकेबद्दल विचारलंय आणि मलाही ती फार आवडते, तेव्हा आधी हाथीराम.

मी ती २०२०च्या मे महिन्यात बघितली, आली त्याच आठवड्यात. दारं लावून घरात बसायचे दिवस होते. पहिल्याच भागात हा पोट सुटलेला इन्स्पेक्टर गाडीत बसून हाताखालच्या अन्सारीला स्वर्ग, धरती आणि पाताळ असे तीन लोक समजावून सांगतो, आपलं जमुनापारचं ठाणं म्हणजे पाताळ, असं म्हणतो, आणि वर कबूल करतो की शास्त्रात हे आहे खरं, पण आपण व्हॉट्सॲपवर वाचलंय. तिथंच मी पाय वर घेऊन बसले. ज्ञान पाजळतोय आणि त्याच दमात स्वतःची उंचीही सांगून टाकतोय. सुदीप शर्मा आणि त्यांच्या लेखकांनी एवढ्या छोट्या जागेत माणूस उभा केला. (दोन दिग्दर्शकांपैकी अविनाश अरुण म्हणजे आपला ‘किल्ला’ सिनेमा करणारा, हे आमराईत सांगा. निदान एक जण तेवढ्यासाठी बघेल.)

आता तुम्ही ‘चांगलं लिहिलेलं’ म्हणता ते कशामुळे, ते बघू. बायकोला द्यायचं उत्तर त्यातच आहे.

टीव्हीवर पोलिसाला दोष चिकटवायची एक पद्धत ठरून गेलीय. दाढी वाढवायची, हातात ग्लास द्यायचा, बायको सोडून गेलेली दाखवायची. झालं. पुढे तो दोष कुठल्या कामाला येत नाही, पोह्यांवर पेरलेल्या कोथिंबिरीसारखा वर वर राहतो आणि साहेब सगळं बरोबरच करत जातात. हाथीरामचं तसं नाही. त्याचा खरा दोष दारू नाही की लाच नाही. आपण कुणीच नाही, हे त्याला आतून कुरतडत असतं. वडिलांच्या नजरेत तो नालायक होता, आणि आता पोराच्या नजरेतही आपण तेच आहोत, हे त्याला दिसतंय. नोकरीत कधी मोठी केस मिळाली नाही. ही मिळाली तीही हद्दीच्या कृपेनं. एका नावाजलेल्या पत्रकाराला मारायच्या कटातले चौघे त्याच्या ठाण्याच्या हद्दीत पकडले गेले म्हणून. पोलीस लाइनीत वाढलेल्या माणसाला ‘हद्द’ या शब्दाचं वजन मी काय सांगायचं.

पुढे केस त्याच्याकडून काढून घेतात, त्याला निलंबित करतात, सीबीआय येते आणि सगळं छान जुळवलेलं प्रकरण लोकांपुढे मांडते. दुसरा कुणी समाधानी अधिकारी असता तर कागद सोपवून घरी जेवायला गेला असता. हा जात नाही, कारण त्याला ती जखम आहे. कुणीतरी आपल्याला एकदा तरी खरं मानावं, या हट्टापायी तो चित्रकूटपर्यंत खणत जातो. आणि तीच जखम घेऊन तो घरी येतो तेव्हा बायकोवर हात उगारतो. ज्यामुळे तो चिवट पोलीस होतो त्याच्यामुळेच घरात वाईट वागतो. लेखकांनी ठाण्यातला एक आणि घरातला एक असे दोन हाथीराम करून आपली सोय लावली नाही. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतली अवघड गोष्ट ही आहे, आणि तीच त्यांनी साधली.

तुमचा घसा का दाटतो, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते. चूक असेल तर सोडून द्या. हाथीराममध्ये दोन माणसं एकाच अंगात बसवलेली आहेत. एक घरात हात उचलणारा पोलीस, आणि दुसरा बापाचा मार खाऊन मोठा झालेला पोरगा. पहिला तुमच्या वडिलांसारखा आहे. दुसरा तुम्ही आहात. पट्ट्याचं बक्कल मांडीवर घेऊन त्यात आपलं तोंड दिसतंय का बघणारा पोरगा टीव्हीवर प्रौढ होऊन, पोट सुटून, खाकी घालून आला, तर रडू येणारच. दहाव्याला टिपूस आलं नाही ते वडिलांसाठी. हे पाणी वेगळ्या माणसाचं आहे. बायकोला हे असंच्या असं सांगू नका, ती म्हणेल सल्ल्याच्या ताईनं शिकवून पाठवलंय. पण बक्कलाची गोष्ट तिला कधी सांगितलीत का? मला लिहिलीत, एका परक्या बाईला. तिला सांगितली नसेल तर आधी ती सांगा.

राहता राहिली माफी. मालिका तुमच्याकडे हाथीरामसाठी माफी मागतच नाही, हे लक्षात आलं का? तिथं कुणी येऊन ‘काही झालं तरी मनानं चांगला आहे हो’ असं म्हणत नाही. आपल्याकडे हे वाक्य किती घरांत किती वर्षं चाललंय, ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्या चार आरोपींचंही तसंच. प्रत्येकाची मागची गोष्ट दाखवतात, कोण कुठल्या जातीचा म्हणून तुडवला गेला, कोणाला बापानं कशाच्या भीतीनं ओळखच लपवायला लावली. ते बघून पोटात कालवतं. पण हत्यार हातात होतं, ते होतंच. समजलं म्हणून हिशेब मिटला, असं लेखक कुठंही करत नाहीत. तेव्हा वडील तुम्हाला थोडे जास्त समजले, म्हणून तुम्ही त्यांना माफ करून टाकलंत असं होत नाही. करायचं असेल तर करा, नसेल तर नका करू. तो प्राइमवरचा प्रश्नच नाही.

आता जरा आडवाटेनं जाते, पण सांगलीकरापुढे हे बोलल्याशिवाय राहवत नाही. दोष असलेला नायक आपल्याला नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, तेव्हा नायक देव होता. पण त्याच शतकात आपल्या हरिपूरच्या देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ आणला. शूर, भला माणूस, आणि संशयापायी बायकोचा जीव घेणारा. मग १९१९ साली ‘एकच प्याला’. गडकरी ते रंगभूमीवर आलेलं बघायला राहिले नाहीत. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील, मानी. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. बघा, तिथंही दारूच्या आधी अपमान आहे. हाथीरामची जखम आणि सुधाकरची जखम एकाच जातीची.

मी शाळेत असताना आजीबरोबर भावे नाट्यमंदिरात ‘एकच प्याला’ बघितलं. आजी नऊवारी सावरून, मांडीवर भडंगाची पुडी घेऊन बसलेली. शेवटी शेवटी सुधाकरची बायको सिंधू मरायला टेकलीय, तान्हं मूल गेलंय, आणि ती नवऱ्याला वाचवायला फौजदारासमोर खोटा जबाब देते. सगळं थिएटर हुंदके देत होतं. आजीनं पुडी बंद केली आणि मोठ्यानं म्हणाली, “अगं सांग की खरं!” पुढच्या रांगेतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे किती तरी वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी थिएटरात नाटक सगळ्यात नीट माझ्या आजीनं बघितलं होतं.

गडकऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी सुधाकरला शेवटपर्यंत सोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण सिंधूला त्यांनी फक्त सोसायला ठेवलं. ‘पाताल लोक’मधली रेणू, हाथीरामची बायको, सोसायला ठेवलेली नाही. ती हाथीरामची थप्पड त्याला परत करते. एकशे एक वर्षं लागली, आणि भाषाही बदलली, पण आजीच्या त्या ओरडण्याला कुणीतरी ओ दिली असं मला ते बघताना वाटलं. त्या थप्पडेनं घर मोडत नाही की हाथीरामचा एकदम साधू होत नाही. संसार पुढे चालूच राहतो, आणि मला तर तेच जास्त खरं वाटतं. दोष असलेल्या माणसाची गोष्ट लिहायची तर त्याच्या आजूबाजूच्या माणसांचाही हिशेब ठेवावा लागतो. नाहीतर ते नुसते लाड होतात.

आता तुमच्या आईंकडे.

तुम्ही पाच रात्री बाहेरच्या खोलीत बसून वडिलांबद्दल विचार करत होता, आणि आत आई जाग्या होत्या. त्यांनी चित्र बघितलं नाही, फक्त आवाज ऐकले. भांडण ऐकलं. थप्पड ऐकली. मग दुसरी ऐकली, आणि ती कुणी कुणाला मारली हे अंधारात कळेना. रात्रभर तो प्रश्न घेऊन त्या पडून राहिल्या असणार, आणि सकाळी चहाच्या कपाआडून विचारला. ‘त्या बाईनं परत मारली व्हय रं त्याला?’ ८४ वर्षांच्या बाईला मालिकेतली दुसरी कुठलीच गोष्ट विचारावीशी वाटली नाही. कुणी कुणाला मारायला निघालं होतं, कट कुणाचा, पत्रकार वाचला की नाही, काही नाही. तेवढंच.

तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. माझी भीती अशी की ‘सिनेमातलं असतंय ते आई’ असं काहीतरी म्हणून तुम्ही पेपर उघडलात. तसं झालं असेल तर आज संध्याकाळी जाऊन सांगा, “हो आई, मारली.” एवढंच. पुढे लगेच वडिलांचा विषय काढू नका. ‘तुला कधी वाटलं का गं’ वगैरे तर अजिबात नको. तुम्हाला आता ओझं उतरवायचंय म्हणून त्यांनी जबाब द्यायला बसायचं का? पोलीस लाइनीत त्यांनी आयुष्य काढलंय, पातळ भिंतीपलीकडे शेजारी खात्यातलेच, फिर्याद द्यायची म्हटलं तरी नवऱ्याच्याच ठाण्यात. कुठल्या गोष्टी बोलायच्या आणि कुठल्या गिळायच्या हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या काही बोलल्या तर ऐका. नुसत्या हसल्या तरी चालेल. मला वाटतं, हसतीलच.

आणि हो, तुमच्या बायकोला तो टोमणा मारायचा पूर्ण हक्क आहे. त्या घरात सून म्हणून आल्यावर तिनं काय काय बघितलं असेल, याचा एक शब्दही पत्रात नाही.

आमराईतल्या मंडळींचं सोपं आहे. पहिलं म्हणजे सीआयडीला नावं ठेवायची नाहीत. १९९८ ते २०१८, सलग वीस वर्षं चाललेली मालिका आहे, परत सुरूही झाली, आणि शिवाजी साटम आपला माणूस. तिथं गुन्हा म्हणजे कोडं. जेवण होईपर्यंत सुटलं पाहिजे, मधे दयानं एक दार तोडलं पाहिजे. ती भूक वेगळी. त्यांतल्या निम्म्यांनी ‘देवमाणूस’ही बघितली असणार. तिथं मधोमध माणूस आहे तोच खुनी. तो कधी सापडतो याची वाट बघायची, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं नाही. हाथीरामच्या शेजारी बसावं लागतं, आणि तेच लोकांना नको असतं.

तुम्ही बहुतेक ‘लई भारी, बघाच’ असं सांगत असाल. त्यानं आजवर कुणी काही बघितलेलं नाही. गोष्टही सांगत बसू नका, कोणी केलं ते तर तोंडातून काढूच नका. एक जागा सांगा, बारकी. तो व्हॉट्सॲपवाला संवाद सांगा. नाहीतर अन्सारीचं सांगा. यूपीएससीचा अभ्यास करणारा हुशार पोरगा, आणि त्याचं आडनाव कळल्यावर ठाण्यातल्या माणसांचे बदलणारे सूर. हाथीराम त्याच्यासाठी भाषण करत नाही, फक्त त्याला बरोबर ठेवतो. कौतुक करताना खोटही सांगून टाका. शिव्या आहेत, ढीगभर. मारहाण काही ठिकाणी बघवत नाही, मी दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले, दूध तापवायचं निमित्त काढून. नातवंडं घरात असताना लावायची मालिका नाही. मधले एक-दोन भाग रेंगाळतात असंही माझं मत आहे. हे आधी कबूल केलंत की समोरच्याला वाटतं, हा माणूस विकायला आलेला नाही. एवढं करूनही बाकीचे पाचही जण सीआयडीवरच राहिले, तर राहू देत. आयर्विन पुलावरून एकटं परत येताना विचार करायला तुमच्याकडे पुरेसं आहे.

दुसरा सीझन आधी बघू नका. मुलाचं ऐकू नका. तो जानेवारी २०२५ मध्ये आला, आठ भाग, गोष्ट नागालँडला जाते. अन्सारी तोवर आयपीएस होऊन हाथीरामच्या वर गेलेला. ज्याला आपण शिकवलं तो आपल्या डोक्यावर बसतो, आणि तरी राग येत नाही, उलट थोडा अभिमानच वाटतो, ही गंमत पहिला सीझन मनात मुरल्याशिवाय कळत नाही. तुम्ही पहिला पाच रात्रींत संपवलाय. थोडं थांबा, मग लावा.

मात्र त्याआधी एकदा आईंना बाहेरच्या खोलीत आणून बसवा, त्यांना यायचं असेल तर. अख्खी मालिका नको, मारामारी तर नकोच. रेणूचा तो प्रसंग शोधून ठेवा आणि तेवढाच लावा. हिंदी त्यांना कळतंय हे त्यांनी सिद्धच केलंय. आवाज जरा मोठा ठेवा. आतल्या खोलीतून बरंच निसटलं असेल.

तुमची,
ताई